बाबांच्या पोटाचे दोन फोटो

१२ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. नुसता लिहायचा म्हणून नाही, खरंच वाकून, कारण इथलं सगळं काम वाकूनच आहे.

तू विचारलंस, नव्या जागी करतोस काय. सांगितलं तर हसशील. मी शेवाळ पिकवतो. आपल्या मोरीच्या कोपऱ्यात धरायचं आणि तू मला घासायला बसवायचीस, त्याचंच हे लांबचं भावंड. मोठमोठे उथळ हौद आहेत, घोड्यांच्या शर्यतीच्या वाटेसारखे वळलेले, आणि एक चाक दिवसभर पाणी ढकलत असतं. पाणी थांबलं की शेवाळ तळाला बसतं आणि कुजतं. मुकादम मला म्हणाला, "या कामाला तूच बरा. तूही एका जागी थांबलास की कुजतोस." बघ, तू मला भिंगरी म्हणायचीस ते इथं न सांगताच कळलं.

काठीला एक पांढरी ताटली बांधलेली असते. ती पाण्यात सोडायची आणि वरून बघत राहायचं. बोटभर खाली जाताच दिसेनाशी झाली, की शेवाळ काढायला आलं. मग कापडातून पाणी गाळायचं, वर उरलेला लगदा खरवडायचा, यंत्रातून त्याचे दोरे पाडून वाळवायचे, दळायचे. डब्यावर छापलेलं असतं, वजन आटोक्यात, पोट साफ, आतड्यांना बळ. माझी नखं हिरवी झाली आहेत ती काही केल्या जात नाहीत.

आता मुद्द्याचं. बाबांना डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुझ्या पत्रात वाचलं. यकृतावर चरबी, साखर उंबरठ्यावर येऊन उभी, वर रोजची जळजळ आणि गॅस. भट्टीसमोर बसून पहिला गरम पाव आपणच खायचा, दुसराही आपणच, आणि उठायचं म्हणून नाही, मग पोट उतरणार कसं? सोबत एक डबा पाठवतोय. सकाळी एक चमचा पाण्यातून द्यायचा. नाक मुरडतील, पण सोडू नकोस.

खरं सांगू का, त्या पोटावर रागही येत नाही. थंडीत भट्टीच्या भिंतीला टेकून ते बसायचे आणि मी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचो. आत गुडगुड चालायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या बापाच्या पोटात असं यंत्र असतं.

माझी पावाची फेरी आता कोण करतं? मी गेल्यावर बाबांनी कुणाला ठेवलं का?

तुझा,
भिंगरी

*

२ फेब्रुवारी

भिंगरी,

डबा मिळाला. उघडला तर दुकानभर असा वास सुटला, की गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, फुलदाणीतलं पाणी बदला." बाबांनी चमचा नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "पोरानं स्वतः पिकवलंय?" मी म्हटलं, हो, स्वतःच्या हातानं. मग डबा घेऊन आत गेले आणि आपल्या कपाटात ठेवला. म्हणाले, "माझं मी घेईन, तू पहारा देऊ नकोस." तेव्हापासून रोज विचारते, पावडर घेतली का? रोज म्हणतात, घेतली.

फेरीची काळजी करू नकोस. एक माणूस ठेवलाय. बरा आहे. थोडा हळू आहे, पण चुकत नाही.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर बाबा "सगळं ठीक" म्हणतात आणि ठेवतात, आणि तू तिकडून नुसतं हं हं करतोस. कागदावर तुझं तोंड तरी उघडतं.

शेजारचे न्हावीकाका तुझी आठवण काढतात. त्यांचंही पोट कायम बिघडलेलंच. एक दिवस होत नाही, दुसऱ्या दिवशी थांबत नाही. कुणाच्या डोक्यावर अर्धी कात्री चालवून पळतात. परवा एक गिऱ्हाईक तसंच अर्धं कापलेलं डोकं घेऊन आपल्याकडे पाव खात बसलं होतं.

ताई

*

१९ मार्च

ताई,

दुसरा डबा पाठवतोय. फरक दिसतो का ते लिही.

इथं तपासणीच्या खोलीत एक मुलगी आहे, दिवसभर भिंगातून बघत असते. तिला मी विचारलं, "हे खरंच काम करतं का हो?" ती म्हणाली, "उंदरांवर बरं दिसलंय. माणसांचं अजून बघतोय." मी म्हटलं, आमच्या घरी एक माणूस आहे, भरपूर मोठा, सगळं एकदम दिसेल. ती इतकी हसली, की चष्मा काढून पुसावा लागला.

तो नवा माणूस फेरी नीट करतो ना? त्याला सांग, पायऱ्यांच्या गल्लीत टोपली डाव्या खांद्यावर घ्यायची, उजवीकडे भिंतीतून खिळा बाहेर आलाय, माझे दोन सदरे त्यानंच फाडले. शिकवणीवाल्या आजींना हाक मारायची नाही, त्यांच्या खिडकीखाली नुसतं खोकायचं. त्या वरून दोरीला बांधून पिशवी सोडतात. औषधवाल्याचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, त्याला पावाचा कडक कोपरा दिला की झालं. आणि पहिला ऊन पाव टोपलीच्या मधोमध ठेवायचा, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत हाताला ऊब लागते.

हे सगळं कंटाळून सोडून आलो ना मी? म्हटलं होतं, पावाच्या टोपलीखाली जन्म घालवणार नाही, काहीतरी होऊनच परत येईन. आता हौदाच्या काठानं चाक बघत फिरतो, तर पाय आपोआप ती गल्ली चालतात. इथं काठाला पायरी नाही, तरी एका ठिकाणी पाय उचलला जातो.

भिंगरी

*

२४ मे

भिंगरी,

बातमी ऐक आणि खुर्ची धरून बस. बाबांचं पोट उतरलंय!

आधी मला वाटलं, डोळ्यांना भास. मग पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, त्यानंतर आणखी एक. आता पट्ट्याचं टोक शेपटीसारखं लोंबतं. जळजळ गेली. रात्री उठून बसत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी पाहून विचारलं, "काय केलंत?" बाबांनी छाती फुगवून सांगितलं, "पोराची पावडर." बाई म्हणाल्या, "बरं, जे करताय ते सोडू नका." बाहेर आल्यावर बाबा मला म्हणतात, "लिही त्याला. लिही, तुझ्या पावडरीनं बाप अर्धा झाला म्हणून."

फोटो काढून पाठवतेय. फोटोग्राफर म्हणाला, हसा. बाबा म्हणाले, "हसलो की पँट घसरते."

ताई

*

८ जून

ताई,

फोटो घेऊन मी अख्ख्या कारखान्यात फिरलो. माझ्या पेटीत बाबांचा जुना फोटो होता, भट्टीच्या दारातला, पोट गल्ल्यावर टेकवून बसलेले. दोन्ही शेजारी धरले तर मुकादम म्हणाला, "हा यांचा मोठा भाऊ का?"

बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेली. त्या कारखान्याच्या मालकीणच म्हण, आम्ही त्यांना लांबूनच बघतो. त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. ताई, मला खुर्ची दिली! म्हणाल्या, असेच फोटो आम्ही शोधत होतो. डब्यावर दोन्ही छापायचे, आधी आणि नंतर. बाबांनी फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या, की माझं पोट या पावडरीनं उतरलं, आणि खाली सही.

आणि त्याच्या बदल्यात काय, ऐक. आपल्या गावची एजन्सी मला! चौकात दुकान, वर पाटी, मी आत टेबलाशी बसलेला. हौद नाही, लगदा नाही. भट्टीपासून चालत येता येईल इतक्या जवळ. दुपारचं जेवण घरी. मी म्हटलं होतं ना, काहीतरी होऊनच येईन. झालो बघ.

बाबांकडून त्या दोन ओळी लगेच घेऊन पाठव. बाईंना जुलै संपायच्या आत हव्यात.

तुझा,
एजंट भिंगरी

*

३० जून

ताई,

उत्तर का नाही? पत्र हरवलं का? बाबा बरे आहेत ना? बाई रोज विचारतात. दुसऱ्या कुणाचे फोटो आले तर माझी एजन्सी जाईल. दोनच ओळी आहेत गं, कितीसा वेळ लागतो?

इथं सगळे मला आत्तापासूनच शेठ म्हणायला लागलेत. तू गप्प बसलीस की मला धडकी भरते, ते तुला माहीत आहे.

भिंगरी

*

९ जुलै

भिंगरी,

पत्र हरवलं नाही. माझ्याकडे आहे. वाचलं त्या दिवशी मी दुकानात नाचायचीच बाकी राहिले होते. बाबांनी तर लगेच पेन मागितलं. मी ते आणायला उठले, आणि तेवढ्यात न्हावीकाका आत आले. म्हणाले, "पावडर संपली हो, पुढचा डबा कधी येतोय?"

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आल्या पावली परत फिरले. पण मला कळायचं ते कळलं.

बाबांनी तुझी पावडर खाल्लेली नाही. दोन्ही डबे न्हावीकाकांना दिले. त्यांचं पोट आता ठीक आहे. पावडरीनं की बायकोनं बाटली बंद केली म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. भूक मात्र अशी खुललीय, की ते दिसायला लागलेत बाबांच्या जुन्या फोटोसारखे.

मग बाबांचं पोट कशानं उतरलं? ते मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी अर्धं श्रेय मी पावडरीला देत होते. फेरीला माणूस कुणी ठेवलेला नाही. तू गेलास त्याच आठवड्यात बाबांनी टोपली उचलली. रोज सकाळी भट्टी उरकली की पायऱ्यांची गल्ली, टेकाड, औषधवाला, सगळं पायी. मला बजावलं होतं, त्याला कळवलंस तर तो धावत येईल आणि मग आयुष्यभर माझ्या नावानं खडे फोडेल. म्हणून तुला लिहिलं, माणूस ठेवलाय, हळू आहे. तो हळू माणूस आपला बाप.

तू इतक्या खिळ्यांच्या आणि खोकल्याच्या सूचना लिहिल्यास ना, त्या मी बाबांना वाचून दाखवल्या. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावल्या.

आता ऐक. बाबा त्या दोन ओळी लिहायला अजूनही तयार आहेत. म्हणतात, "चार शब्द खोटे लिहिले आणि पोर घरी आलं तर माझं काय झिजतं?" मीच पेन देत नाही. आणि पेन का देत नाही, तेही मला धड कळत नाही, कारण तू यावंस असं मलाही वाटतं. इतके दिवस मी हेच धरून बसले. गप्प राहावं, तू येशील, चौकात पाटी लागेल, कुणाचं काय जातं?

पण कुणीतरी आजारी पोटाचा माणूस तो डबा घेईल, आपल्या बाबांच्या तोंडाकडे बघून. आणि त्याला कुणी सांगणार नाही, की मधे पायऱ्या होत्या.

ठरव तू. तू म्हणशील तर पेन देते.

ताई

*

२८ जुलै

ताई,

पेन देऊ नकोस.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझाच राग आला. मग बाबांचा, मग न्हावीकाकांचा. शेवटी कुणी उरलंच नाही. हौदावर जाऊन उभा राहिलो. ताटली पाण्यात सोडली, बघत राहिलो, आणि ती दिसेनाशी झाली तरी काठी खालीच सोडत होतो. मुकादम ओरडला, "अरे, विहीर खणतोस का?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेलो. आधी वाटलं होतं, आडवळणानं सांगावं, बाबा आजारी आहेत, सही करता येत नाही. मग सरळच सांगितलं. बाई म्हणाल्या, "फोटो खरे आहेत ना? पोट होतं, पोट गेलं. मधे काय झालं ते कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "बाई, मधे माझा बाप चालला. फोटोत नेमकं तेवढंच नाही."

त्या म्हणाल्या, "तू शिकलेला नाहीस म्हणून तुला संधी काय असते ते कळत नाही." असेल. मी दोन्ही फोटो टेबलावरून उचलले. या खेपेला खुर्ची दिली नव्हती, त्यामुळे उठायचा त्रास वाचला. एजन्सी मुकादमाच्या मेव्हण्याला जाणार म्हणतात. तपासणीवाल्या मुलीनं मात्र मला थांबवलं. "तुमचे बाबा रोज किती चालतात?" असं विचारलं आणि उत्तर वहीत लिहून घेतलं.

आता माझं ठरलंय. या महिन्याचं काम संपलं की सोडून येतो. फेरी माझी होती, माझ्या अंगावरची त्यांच्या अंगावर गेली. गुडघे दुखत असतील, मला कुणी सांगणार नाही. बाबांना सांग, टोपली खाली ठेवा. भिंगरीसारखं फिरायचं ते फिरलो. आता मुकाट्यानं पावाची फेरी करीन.

भिंगरी

*

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

तुझी ताई म्हणते मीच लिहावं. माझं अक्षर पिठात बोट फिरवल्यासारखं असतं, सांभाळून वाच.

टोपली खाली ठेवायला मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी ठेवणार नाही. फेरी आता माझी आहे. ती मागायला येणार असशील तर येऊ नकोस.

तीस वर्षं मी भट्टीकडे तोंड करून बसलो. पाव मागून जायचा, पैसे पुढून यायचे. पाव खातं कोण, ते मी पाहिलंच नव्हतं. शिकवणीवाल्या बाईंना दात नाहीत. त्या माझ्या पावाचं वरचं साल काढून चिमण्यांना टाकतात आणि आतलं तेवढं चहात बुडवून खातात. इतकी वर्षं! तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस, गाढवा? आता त्यांचा एक पाव मी लवकर काढतो, मऊ. परवा त्यांनी पिशवीत पाव घेतला आणि त्याच दोरीनं मला पेरू खाली सोडले.

गुडघे दुखतात. पायऱ्यांवर दोनदा टेकतो. टेकलो की खालची सगळी घरं दिसतात, आणि कुठल्या घरातून धूर निघतोय त्यावरून कळतं, कोण उठलंय. भट्टीसमोर इतकी वर्षं बसलो, पण हे कधी दिसलं नाही.

तुझी पावडर एकदा खाल्ली होती. बेडकाला चाटल्यासारखी लागली. पण तू पिकवलेली, टाकवेना, म्हणून न्हाव्याला दिली. खोटं बोललो ते तुला बरं वाटावं म्हणून. सहीही केली असती. ताईनं अडवलं ते बरं केलं. तू फोटो परत घेतलास ते त्याहून बरं केलंस. तुझ्या बाईंना सांग, शिकलेला नाही पण बेकरीवाल्याचा मुलगा आहे. कच्चा पाव रंग चढवून विकत नाही.

काहीतरी होऊन परत ये, असं मी कधी म्हटलं नव्हतं. ते तू म्हणालास. मी तुला निघताना फक्त दार ओढून घ्यायला सांगितलं, भट्टीवर वारा येत होता. त्यानंतर बराच वेळ दाराकडे बघत होतो, पाव करपले.

काम सोडायचं तर तुला नको असेल म्हणून सोड, माझ्या गुडघ्यांवर ढकलू नकोस. राहायचं तर राहा. तुझ्यासारख्याला फिरत्या पाण्याशी जमतं, असं मला वाटतं. पण घरी यायला कारण लागत नाही. पाटी लागत नाही, कुणी आजारी पडावं लागत नाही. वाटलं की यावं.

बाबा

*

२६ ऑगस्ट

ती. बाबांना,

नमस्कार. तुमचं पत्र मुकादमानं वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. बेडकापर्यंत आलो आणि सगळे असे हसले, की पुढचं मला मनातच वाचावं लागलं. तेच बरं झालं.

काम सोडत नाही. खरंच, इथं मला आवडतं, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा कळलं. पण पंधरा दिवसांची रजा मागायला गेलो. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "कोण आजारी?" म्हटलं, कुणी नाही. "लग्न?" नाही. "मग जातोस कशाला?" मी म्हटलं, "घर आहे तिथं." त्यानं शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी गाडी सकाळी पोचते. ताईला स्टेशनावर पाठवू नका, दुकान उघडायची वेळ असेल. तुम्हीही येऊ नका, तुमची फेरी असेल. मी सामान घेऊन सरळ पायऱ्यांच्या गल्लीत येतो, खालून वर. तुम्ही टेकलेले असलात तर शेजारी बसतो. चालत असलात तर मागून येतो. हाक मारणार नाही, नुसता खोकेन.

तुमचा,
भिंगरी